फिनलंड, सिंगापूर, सोब्राल आणि बीड जिल्ह्यातली एक संस्था

पार्श्वभूमी

ही संस्था बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. संस्थेच्या शाळा तीन. तालुक्याला पहिली ते दहावीची जुनी मराठी शाळा, तिच्याच मागच्या अंगाला नंतर काढलेली इंग्लिश स्कूल, आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात पहिली ते सातवीची शाखा. शाखेत शिक्षक कमी, म्हणून दोन दोन वर्ग एकत्र बसतात आणि एक सर रजेवर गेले की तीन तीन. या पट्ट्यातली निम्मी गावं दिवाळीच्या आगंमागं ऊसतोडीला जातात, हे बीडकडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

संस्था काढणारे आप्पा वारले. आता त्यांचा मुलगा अध्यक्ष, सगळे त्याला दादाच म्हणतात. सचिव त्यांच्या वहिनी, ताई. तिसरे महत्त्वाचे म्हणजे गुरुजी, याच संस्थेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, कुठल्याही पदावर नाहीत पण मीटिंगला त्यांची खुर्ची ठरलेली. मी शिक्षक प्रशिक्षणाचं काम करतो, आणि वेगवेगळ्या देशांत काय चालतं ती माहिती काढून द्या म्हणून मला बोलावलं होतं.

प्रश्न काय होता

दरवर्षी पट घसरत होता. मराठी शाळेतली लेकरं इंग्लिश स्कूलला, इंग्लिश स्कूलमधली दुसऱ्यांच्या इंग्लिश स्कूलला. दादांचा पुतण्या पुण्यात आयटीत आहे, त्यानं फिनलंडच्या शाळांचा व्हिडिओ पाठवला. होमवर्क नाही, परीक्षा नाही, लेकरं सात वर्षांची होईस्तोवर शाळेत जात नाहीत आणि तरी जगात नंबर एक. पाठोपाठ पुण्याच्याच एका कंपनीचा माणूस आला. त्याच्याकडं तयार पॅकेज होतं, रंगीत फर्निचर, टॅब, शिक्षकांना तीन दिवसांचं ट्रेनिंग, शाळेच्या गेटवर लावायला बोर्ड, आणि दर पोरामागं वर्षाची फी. दादांना पटलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "लोक बोर्ड बघून ॲडमिशन घ्यायलेत, मग आपला बी बोर्ड असू द्या."

गुरुजी मात्र एका सकाळी कुणाला न सांगता शाखेवर गेले, चौथीतली लेकरं समोर बसवली आणि दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा दिला. मी सोबत होतो. एक पोरगा 'शेतकरी' या शब्दावर अडकला. बोट ठेवून शे, त, म्हणाला, थांबला, वर चित्रात बैल दिसला तसा एकदम "शेतातला बैल" म्हणून मोकळा झाला आणि पुढच्या ओळीवर गेला. पुढची सगळी ओळ पाठ होती त्याला, धडाधड म्हटली. बोट मात्र तिसऱ्याच शब्दावर. निम्म्याहून जास्त पोरांचं थोडंफार असंच. गुरुजी परत येताना जीपमध्ये एकच बोलले, "ह्येला फिनलंडचं फर्निचर काय करील."

हे काही या एका शाळेचं दुखणं नाही. पोरांना वाचन नि गणित किती येतं हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या साधारण 45 टक्के पोरांनाच दुसरीचं पुस्तक वाचता आलं होतं.

कोणकोणते पर्याय समोर होते

पहिला फिनलंड. इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त वाद यावरच झाला आणि सगळ्यात जास्त गैरसमजही याच्याबद्दल आहेत. फिनलंड गाजला तो पिसा नावाच्या परीक्षेमुळं. ओईसीडी ही बहुतेक श्रीमंत देशांची संघटना ही परीक्षा साधारण दर तीन वर्षांनी 15 वर्षांच्या पोरांची घेते, पहिली 2000 साली झाली आणि त्यात वाचनात फिनलंड पहिला आला, तेव्हापासून जगभरातले मंत्री नि अधिकारी तिकडं जाऊन शाळा बघायलेत. पण 2000 साली परीक्षा दिलेली पोरं शाळेत शिरली ती 1990 च्या सुमाराला, आणि त्यांना शिकवणारी व्यवस्था उभी राहिली 1970 च्या दशकात. ती व्यवस्था व्हिडिओतल्यासारखी मोकळीढाकळी अजिबात नव्हती. 1968 च्या कायद्यानं सगळ्यांसाठी एकच नऊ वर्षांची शाळा केली, 1972 ला उत्तरेकडच्या लॅपलँडपासून सुरू करून 1977 पर्यंत दक्षिणेत पोचवली, अभ्यासक्रम वरून ठरलेला जाडजूड, पाठ्यपुस्तकं सरकारी मंजुरीनं, शाळा तपासायला इन्स्पेक्टर. पहिलीला शिकवायचं तरी मास्टर्स डिग्री पाहिजे, हे 1979 पासून. इन्स्पेक्टर नि पुस्तकांची मंजुरी काढून टाकली ती 1990 च्या सुरवातीला, म्हणजे शिक्षकांची सगळी पिढी तयार झाल्यावर. आणि परीक्षा नाही हेही अर्धवटच, बारावीसारखी मोठी परीक्षा तिथंही आहे, 1852 पासून.

वर आणखी एक. गणितात फिनलंडला 2003 मध्ये 544 मार्क होते, 2022 मध्ये 484. दादांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपण घ्यायलो तवा त्यांचंच उतरायलंय की." उतरण्याची कारणं वेगळी नि वादाची आहेत, पण मीटिंगमध्ये या एका आकड्यानं जेवढं काम केलं तेवढं माझ्या बाकीच्या बोलण्यानं केलं नाही.

दुसरा पर्याय सिंगापूर. 2022 ला गणितात 575 मार्क, जगात पहिला. इंग्लिश स्कूलच्या मॅडमना त्यांची गणिताची पद्धत आवडली होती, आधी वस्तू हातात, मग चित्र, मग आकडे. पद्धत खरंच चांगली आहे आणि घ्यायला स्वस्तही. पण सिंगापुरात शिक्षक तयार करणारी संस्था देशाला एकच, नोकरीत आल्यावर वर्षाला 100 तास शिकायची सोय, आणि प्राथमिक शाळेच्या शेवटी जी परीक्षा असते तिच्या टेन्शननं आईबाप ट्युशनवर ट्युशन लावतात. यावर फार चर्चा झाली नाही.

तिसरा पर्याय शेजारचाच. एक संचालक म्हणाले, "परदेशात कशाला जायचं, लातूर दोन तासावर आहे." पाचवीपासून फाउंडेशन बॅच, रविवारी टेस्ट, ओएमआर शीट. लातूर पॅटर्नचा मला आदर आहे, बोर्डाच्या मेरिट लिस्टीत मराठवाडा दिसायला लागला त्यात त्याचा मोठा वाटा. पण तो ज्यांना वाचता येतं अशा पोरांना आणखी पळवायचा पॅटर्न आहे. गुरुजींचं म्हणणं, पळायची शर्यत नंतर, आधी पोरगं उभं राहू द्या. तरी हा प्रस्ताव पडला नाही, बाजूला ठेवला एवढंच, आणि आजही तो अधूनमधून वर येतो.

चौथा सोब्राल. हे नाव मीच आणलं होतं. ब्राझीलच्या ईशान्येला सेआरा नावाचं राज्य आहे, दुष्काळी, गरीब, पोट भरायला दक्षिणेकडच्या मोठ्या शहरांत जाणाऱ्यांचं, म्हणजे वर्णन ऐकून ताई म्हणाल्या "हे तर आपलंच". त्यातलं सोब्राल हे साधारण दोन लाख वस्तीचं शहर. 2000 च्या आसपास त्यांनी पोरांना एकेकटं बसवून वाचायला लावलं तर दुसरी पूर्ण केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना येत नव्हतं. मग त्यांनी एकच गोष्ट धरली, पहिल्या दोन वर्षांत लेकराला वाचता आलंच पाहिजे, बाकी सगळं त्यानंतर. लहान लहान शाळा एकत्र केल्या, शिक्षकाला रोज काय घ्यायचं त्याचं साहित्य दिलं, चाचण्या बाहेरच्या माणसाकडून घेतल्या, आणि मुख्याध्यापक परीक्षा घेऊन नेमले, पुढाऱ्याच्या चिठ्ठीवर नेमणं बंद केलं. पंधराएक वर्षांत देशाच्या गुणवत्ता यादीत ते गाव सगळ्यात वर गेलं.

व्हिएतनामही यादीत होता. गरीब देश असून 2012 ला गणितात 511 मार्क मिळवले म्हणून त्याचं फार कौतुक झालं. तो आम्ही एका कारणासाठी काढला. पिसा शाळेत असलेल्याच पोरांची होते, आणि तेव्हा तिथली 15 वर्षांची बरीच पोरं शाळेबाहेर होती. आमचा प्रश्न तर नेमका शाळेबाहेर जाणाऱ्या पोरांचाच होता.

कुणी विचारलं, भारताचे मार्क किती. भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल ही दोन राज्यं 2009 च्या फेरीत बसली होती, 74 जणांत अगदी तळाला राहिली, आणि त्यानंतर आपण त्या परीक्षेला बसलोच नाही.

निर्णय कसा झाला

गुरुजींनी फळ्यावर उभ्या रेघा मारून कप्पे केले. प्रत्येक देशासमोर, सुरवात केली तेव्हा त्यांच्याकडं काय होतं, आधी काय केलं, नंतर काय केलं, आणि शेवटच्या कप्प्यात आपल्याकडं काय आहे. आज ते देश कसे दिसतात हा कप्पाच ठेवला नाही. मला वाटतं सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. दोन गोष्टी फळ्यावरच उघड्या पडल्या. एक म्हणजे फिनलंडचं पॅकेज घेणं हे पिकलेलं आंबं विकत आणून झाडाला बांधण्यासारखं होतं. दुसरी म्हणजे असं करून हात पोळून घेतलेला देश आधीच आहे. वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेनं 1997 मध्ये 'करिक्युलम 2005' आणला. पाठांतर नको, पोरानं स्वतः शोधावं, शिक्षकानं साहित्य स्वतः बनवावं. कल्पना ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडच्या. ज्या शाळांत चांगले शिक्षक, लायब्ररी, पैसे होते तिथं ते चाललं आणि ज्यांच्यासाठी आणलं त्या गरीब शाळांतले शिक्षक नुसते गोंधळले. काही वर्षांत दुरुस्त्या सुरू झाल्या आणि शेवटी 2012 पासून पुन्हा स्पष्ट, आठवड्याआठवड्याला काय शिकवायचं ते सांगणारा अभ्यासक्रम आणला.

आपल्याकडंही 2015 नंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे पोरानं स्वतः करून शिकावं या विचाराची लाट आली तेव्हा साताऱ्याकडं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट बघायला गाड्याच्या गाड्या गेल्या. परत येऊन बऱ्याच शाळांनी फरशीवर ऑइलपेंटनं तक्ते रंगवले. या शाखेच्या फरशीवर ते अजून आहेत, पायानं पुसलेले.

मग तो कप्पा आला, सोब्रालमधला मुख्याध्यापकांच्या नेमणुकीचा. गुरुजींनी मोठ्यानं वाचला. कुणी काही बोललं नाही, चहा आला, एक संचालक फोन घ्यायला बाहेर गेले. ज्यांना या भागातल्या संस्था माहीत आहेत त्यांना कळेल, शाखेचे मुख्याध्यापक कुणाचे कोण आणि विनाअनुदानित तुकडीवरची नेमणूक कशी होते. दादांनी विषय हसत बदलला, "ते ब्राझीलचं ब्राझीलला." गुरुजींनी पुसलं नाही ते, पण पुढंही रेटलं नाही.

माझं मत विचाराल तर सगळ्या देशांच्या मॉडेलमधला जो भाग काम करतो तो नेमका हाच असतो, शिक्षक कोण होणार, हेडमास्तर कोण नेमणार, त्याला शिकायला वेळ नि पगार कोण देणार. आणि आपण प्रत्येक ठिकाणाहून तो सोडून बाकीचं उचलतो. फिनलंडकडून खेळ, सिंगापूरकडून पुस्तक, सोब्रालकडून चाचणी.

शेवटी ठरलं ते असं. कंपनीचं पॅकेज मराठी शाळेला नि शाखेला घ्यायचं नाही. इंग्लिश स्कूलला फर्निचर घ्यायचं, कारण दादांचा शब्द गेला होता. पहिली ते पाचवी सगळ्यांची वाचनाची पडताळणी, आणि रोज एक तास इयत्ता मोडून लेकरांना ज्याला जेवढं येतं त्या गटात बसवायचं. ही पद्धत खरं तर आपल्याकडचीच, 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं उभी केलेली, आता आफ्रिकेतल्या झांबियासारख्या देशांत वापरतात. फिनलंडकडून एक गोष्ट घेतली, आणि ती व्हिडिओत नव्हती. तिथं लेकरू जरा मागं पडलं की लगेच, शिक्का न मारता, थोडे आठवडे वेगळ्या शिक्षकाकडं छोट्या गटात बसवतात, आणि अशी मदत घेणारी पोरं भरपूर असतात. म्हणून मराठी शाळेत एका बाईंना वर्ग न देता मोकळं ठेवायचं ठरलं. आणि जपानकडून पाठ-अभ्यास, म्हणजे शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एकानं पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी बघायचा, मग चर्चा.

प्रत्यक्षात काय घडलं

पाठ-अभ्यासाचं पहिल्यांदा हसूच झालं. सर पाठ घेणार, सगळे मागं बसणार, आणि संपलं की "छान झाला सर", "मुलांचा सहभाग चांगला होता", मग खिचडी. टीका कोण करणार, पाठ घेणारे सर बघणाऱ्याचे मेव्हणे, आणि दोघांची सीनियॉरिटीवरून आधीच कोर्टबाजी चालू. एकदा एका नवीन मॅडमनं "सर, मागची मुलगी पूर्ण तासभर वहीत बघूनच लिहीत होती" एवढंच म्हटलं तर दोन आठवडे त्यांच्याशी कुणी नीट बोललं नाही.

मग जपानचं नीट वाचून काढलं तर तिथं बघणारे शिक्षक गुरुजीकडं नाही, लेकरांकडं बघतात असं निघालं. एकेकानं दोन तीन लेकरं वाटून घ्यायची आणि ती काय करतात तेवढंच टिपायचं. नियम बदलला, पाठ घेणाऱ्याबद्दल बोलायचंच नाही, फक्त लेकराबद्दल. त्यानंतर हळूहळू लोक बोलायला लागले. मेव्हण्यांच्या वर्गातल्या कुठल्या पोराला हातचा कळत नाही हे सांगताना मेव्हण्याचा अपमान होत नाही.

गटाचा तास मराठी शाळेत चांगला चालला. शाखेवरही जूनपासून दसऱ्यापर्यंत बरा चालला, तो 'शेतातला बैल'वाला पोरगा सप्टेंबरात छोटे उतारे स्वतः वाचायला लागला. आणि मग ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या मुकादमांचे फोन सुरू झाले. ज्यांनी उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेत त्यांना जावंच लागतं, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मागं सांभाळायला कुणी नसलं की लेकरं सोबत. दिवाळीनंतर शाखा निम्मी रिकामी. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर लेकरं गावातच राहावीत म्हणून असतं त्या हंगामी वसतिगृहाला मंजुरी उशिरा आली. गावात राहिलेल्या म्हाताऱ्या आजीजवळ जी लेकरं थांबली त्यांचं वाचन टिकलं, जी फडावर गेली ती मार्चअखेर परत आली तेव्हा पुन्हा बोट एकीकडं नि तोंड एकीकडं. एक आई म्हणाली, "सर, तिथं शाळा लांब, मराठी बोलत न्हाईत, पोरगी बारक्याला सांभाळत खोपीतच असायची."

फळ्यावरच्या एकाही देशाच्या कप्प्यात ही अडचण नव्हती. म्हणून दुसऱ्या वर्षी शाखेचं वेळापत्रकच वेगळं केलं. वाचनाचा सगळा जोर जून ते दसरा, गटाचा एक तास नाही तर दोन. जाणाऱ्या प्रत्येक लेकराला, जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आणि सोबत छोट्या गोष्टींची पुस्तकं. परत आल्यावर एप्रिलमध्ये पुन्हा गट. आणि केंद्रप्रमुखांना आधीच सांगून वसतिगृहाचा प्रस्ताव ऑगस्टमध्ये टाकला.

निकाल

मराठी शाळेत पाचवीला न वाचता येणारी लेकरं आता मोजकी आहेत. पट वाढला नाही, घसरायचा थांबला. शाखेवर दुसऱ्या वर्षी परत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं वाचन टिकलं होतं, सगळ्यांचं नाही. इंग्लिश स्कूलच्या फर्निचरला पहिल्या वर्षी ॲडमिशन वाढल्या, दुसऱ्या वर्षी शेजारच्या शाळेनं तसंच फर्निचर आणलं.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाच्या मीटिंगला शाखेतला एकही शिक्षक नव्हता. एक जरी असता तर दिवाळीनंतर काय होणार हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं असतं आणि वेळापत्रकात एक वर्ष गेलं नसतं. दुसरं, गुरुजींनी शाखेवर केलेली पडताळणी नीट लिहून ठेवायला पाहिजे होती. लिहिली नाही, त्यामुळं आता फरक किती पडला हे सांगताना सगळे अंदाजानं बोलतात, आणि इथं मीही तेच करायलोय.

पाठ-अभ्यास जपानचा म्हणून जाहीर करायलाच नको होता. शिक्षकांना आधीच वाटत होतं की आता परदेशी काहीतरी आणून आपल्याला नावं ठेवणार. नुसतं 'शनिवारी लेकरं बघायची' म्हणाले असते तर पहिले काही महिने वाचले असते. गंमत म्हणजे आता शिक्षक तेच म्हणतात, जपानचं नाव कुणाच्या लक्षातही नाही.

आणि नेमणुकीचा कप्पा. मला वाटतं तेव्हा निदान एवढं तरी मागता आलं असतं की शाखेवर पुढचा मुख्याध्यापक नेमताना त्यानं आधी पहिलीचा वाचनाचा एक तास घेऊन दाखवायचा, सगळ्यांसमोर. ताई याला तयार झाल्या असत्या असं त्यांनी मला नंतर सांगितलं. सध्याचे मुख्याध्यापक पुढच्या वर्षी रिटायर होतायत, जागा भरायचीय, आणि दोन नावं गावात आत्ताच फिरायला लागलीत.

वर्ग न दिलेल्या बाईंचा पगार संस्था आपल्या निधीतून देते. संचालक मंडळात दोघांचं म्हणणं आहे की त्या पैशात पाचवीची फाउंडेशन बॅच सुरू होते. पुढच्या मार्चच्या मीटिंगला तो विषय आहे.